डाव्या चाकातली कडी

कडी इथे असायलाच नको होती.

स्क्रूंच्या डब्यातल्या अगदी कोपऱ्यातल्या खणात, जिथे फिना डोकी झिजलेले, वाकलेले, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले स्क्रू टाकते, त्या भंगारावर ती पितळेची कडी निवांत बसली होती. पुसलेली, चकचकीत, चुकीच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलीसारखी. मार्चचं कोरडं ऊन तिच्या काठावरून घसरलं आणि आतल्या बाजूचा तो बारीक खरखरीत ओरखडा दिसला... शाळेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हत्यार क्षणभर थरथरलं होतं, तेव्हाचा. मग शंकेला जागाच उरली नाही. असा ओरखडा असलेली कडी जगात एकच, आणि ती डेल्फिना त्रुहियोने स्वतःच्या हाताने केलेली, आणि तिची जागा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात, टायरच्या पोटात, कोणालाही दिसणार नाही अशी. जानेवारीपासून ती तिथेच होती. काल दुपारपर्यंत तरी होती.

म्हणजे कोणीतरी चाक उघडलं होतं.

ती आली होती फक्त रिमोटचा गळ्यात अडकवायचा पट्टा घ्यायला. पट्टा हातात आला, कडीही हातात आली, आणि डोक्यात काहीतरी एकदम गरम झालं — कानांच्या मागे, तिथून मानेत, मानेतून सरळ बोटांत. गाडी तिकडे पहिल्या खडकावर ठेवून झालेली. तिचं नाव पुकारून झालेलं. आणि ही कडी मुठीत.

"फिना! किती वाट बघायची गं? खडक म्हातारे व्हायला लागले!" आर्लिंडा बेनॅलीने हातातली घंटा वाजवली. आर्लिंडा एरवी शाळेची बस चालवते आणि रविवारी या सगळ्या बाप्यांना शिस्त लावते. घंटा तिने बसमधूनच आणली असावी असा सगळ्यांना संशय आहे.

"लिपस्टिक लावतेय गाडीला," डब हॅस्किन्स आपल्या घडीच्या खुर्चीतून ओरडला, आणि स्वतःच हसला, आणि त्याचा कुत्राही भुंकला, कारण तो डब हसला की भुंकतोच.

आले, असं ती म्हणाली. निदान तोंड तरी तसं हललं.

फार्मिंग्टनच्या बाहेर, गॅसच्या विहिरींकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागून हा खडकांचा पट्टा आहे. पूर्वी यातलेच लोक मोठ्या जीपा घेऊन इथल्या दऱ्यांत उतरायचे. मग कोणाचे गुडघे गेले, कोणाची कंबर, कोणाची बायको कंटाळली, आणि सगळे हळूहळू या गुडघ्याएवढ्या गाड्यांवर आले — रिमोटवरच्या, मुंगीच्या चालीने खडक चढणाऱ्या, आणि मोठ्या जीपांपेक्षा भांडणं जास्त लावणाऱ्या. खडकावर काड्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, त्यांना गेट म्हणायचं. गेटमधून गाडी न्यायची. काडीला लागली तर दंड, मागे घेतली तर दंड, आणि गाडीला हात लावला तर सगळ्यात मोठा दंड. ज्याचे दंड कमी तो जिंकला. एकदा गाडी पहिल्या खडकावर ठेवली की ती एकटी. चालवणाऱ्याने दोन पावलं दूर राहायचं. हेच तर फिनाला आवडलं होतं पहिल्या दिवशी, की इथे कोणी हात लावायचा नाही असा नियमच आहे, आणि तो मोठी माणसंसुद्धा पाळतात.

ती पाठीमागे हात बांधून गाडीपाशी गेली आणि वाकली.

डाव्या चाकाच्या कड्यावर बारीक बारीक स्क्रू गोलात बसलेले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून सुरू होऊन चाकाच्या कडेवर उतरणारी एक पिवळी रेघ. तांदळाच्या दाण्याहून लहान. एवढी लहान की पेनाच्या टोकाने ती ओढताच येणार नाही... दात कोरायच्या काडीने ओढली असणार, श्वास रोखून, चष्मा कपाळावर सारून, जीभ दातांत धरून. तिला ते सगळं दिसलंच.

डॅड.

तशी कोणावर संशय घ्यायला ती आधी तयार होती! डबवर घ्यायला तर मजा आली असती. पण पिवळी रेघ सगळ्या तालुक्यात एकच माणूस ओढतो. एलॉय त्रुहियो गॅसच्या कॉम्प्रेसरांवर मेकॅनिक आहे, आणि तिकडे नट आवळला की त्यावर पेंटच्या पेनाने रेघ ओढतात — नटावरून खाली लोखंडापर्यंत, सलग. रेघ सलग दिसली की नट जागेवर आहे. रेघ तुटलेली दिसली की तो फिरलाय, कोणीतरी लक्ष द्या. डॅडने ही सवय घरी आणली. बंक बेडच्या बोल्टांना रेघ. सायकलीच्या हँडलला रेघ. झोपाळ्याच्या साखळीला, किचनच्या नळाला, ममाच्या शिलाई मशीनच्या पायाला. दातांना तारा लावल्या त्या वर्षी फिना म्हणाली होती, डॅड, तोंड उघडू का, रेघा मारतोस? आणि तो इतका हसला होता की बरिटो ताटात ठेवावा लागला. लहानपणी वरच्या बेडवर निजताना ती हात खाली घालून बोटाने ती रेघ चाचपायची. पेंटचा उंचवटा लागायचा. लागला की झोप.

आणि आता तीच रेघ तिच्या चाकावर. शी! — म्हणजे शीसुद्धा नाही, त्याहून मोठं काहीतरी, ज्याला शब्द नाही आणि असता तरी आर्लिंडासमोर उच्चारता आला नसता.

तो तिथेच उभा होता, पिकअपला टेकून, फॉइलमध्ये गुंडाळलेला बरिटो सोलत. तिने बघितलं तसा त्याने अंगठा वर केला. अंगठा! ती ताडताड त्याच्याकडे गेली आणि मूठ उघडली.

"हे तू काढलंस?"

"हळू," तो म्हणाला, आणि इकडेतिकडे बघितलं. "अगं, डाव्या चाकात एक कडी जास्तीची राहिली होती, हिता." घरात मुलींना सगळे हिताच म्हणतात, म्हणजे लेकी, पण हा म्हणतो तेव्हा ती पाच वर्षांची होते. "उजवीकडे घालायची विसरलीस वाटतं. मी किचनच्या काट्यावर दोन्ही चाकं तोलली ना काल. केवढा फरक! म्हटलं, आता उजवीकडे घालायला दुसरी कडी कुठून आणू, त्यापेक्षा हीच काढतो. आता बघ, दोन्ही अगदी सारखी."

"राहिली होती."

"होतं गं असं. मी काही बोललो का कोणासमोर? गुपचूप करून टाकलं."

गुपचूप करून टाकलं... आणि चेहऱ्यावर तो मऊ, सांभाळून घेणारा भाव, तिच्या प्रगतिपुस्तकात भूमितीचे कमी गुण दिसले तेव्हाचाच. सांभाळून घेतलं! काय सांभाळलं? कोणाला? तिला ओरडायचं होतं की विसरले नाही, विसरले नाही, ती कडी म्हणजे सगळी गाडी आहे, बाकी सगळं विकत मिळतं! पण घशातून निघालं ते वेगळंच आणि कुजबुजत निघालं, म्हणून ओरडण्यापेक्षा वाईट:

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही. कधीच. काहीही झालं तरी."

त्याचा बरिटो अर्ध्यावर थांबला. वाऱ्याने फॉइल फडफडलं.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. बरं. भांडायचं तरी नीट!

आर्लिंडाची घंटा पुन्हा वाजली. आणि आता सांगता आलं असतं, खरं तर. आर्लिंडा, माझा नंबर मागे टाक, मला चाक उघडायचंय. आर्लिंडाने टाकलाही असता. पण का, असं कोणीतरी विचारलं असतं, डबने तर नक्कीच, आणि मग सांगावं लागलं असतं की माझ्या बाबाने माझं चाक उघडलं — आणि झालं, पुढचे सहा महिने तेच. बघा, म्हटलं नव्हतं, गाडी एलॉयच बांधतो, पोरगी नुसती चालवते. मागच्या महिन्यात डब म्हणालाच होता. गाडी तिची, रिमोट तिच्या हातात, आणि हा तिच्या डोक्यावरून डॅडला म्हणतो, "एलॉय, तुझी गाडी डावीकडे लंगडते रे! एक पाय तोकडा ठेवलास की काय?" सगळे हसले. डॅडही हसला, पण त्याचे कान लाल झाले, आणि ते तिने पाहिलं.

थांब... कान लाल झाले होते. म्हणजे त्याला लाज वाटली होती. म्हणजे काट्यावर चाकं तोलली ती डब हसला म्हणून. माझ्यासाठी नाही, लंगडी गाडी म्हटलं म्हणून!

तिने तेव्हा डबला उत्तर दिलं होतं, तेही खणखणीत. "लंगडत नाही ती. आणि गाडी माझी आहे. तो तिरका कट्टा दिसतोय ना, ज्याच्यावरून तुझी गाडी दर वेळी उताणी पडते? पुढच्या वेळी माझी लंगडी त्याच्यावरून जाईल."

"गेली तर वर्षभर बरिटो माझ्याकडून."

"लाल आणि हिरवी, दोन्ही मिरच्या घालून."

"अंडंसुद्धा घालीन, महाराणी."

सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आज सगळे आले होते, कट्ट्याच्या बाजूला खुर्च्या मांडून, कारण इथे सिनेमा नाही आणि रविवार फार मोठा असतो.

तिने पट्टा गळ्यात घातला. कडी जीन्सच्या पुढच्या खिशात टाकली. ती मांडीला गार लागली. रिमोटच्या चाकावर अंगठा, ट्रिगरवर तर्जनी. चल.

पहिलं गेट सोपं. दोन धोंड्यांमधून वर. गाडी हळू हळू चढली, टायर खडकाला पोटाने चिकटत, आतला स्पंज दबत, मग सुटत. एरवी या क्षणी तिला जे होतं ते आज होत नव्हतं. एरवी ती नसतेच. बोट असतं, टायर असतो, आणि मधे काही नसतं. शाळा नाही, केस नाहीत, भूमिती नाही. आज मधे डॅड उभा होता, चष्मा कपाळावर, दात कोरायची काडी हातात.

विसरलीस वाटतं.

डिसेंबरच्या सुट्टीत गॅरेजच्या फरशीवर पालथी पडून ती ट्रिगर दाबायची आणि बघायची. डोळे गाडीच्या पातळीत. ट्रिगर दाबला की गाडी पुढे जायच्या आधी अंग टाकायची, बारीकसं, एका खांद्याने. मोटर एका दिशेने फिरते आणि सगळं शरीर उलट्या दिशेला पिळते, आणि पुढचं डावं चाक हलकं होतं, बोटाने उचललं तर उचलेल इतकं. सपाट जमिनीवर कळतच नाही. तिरक्या खडकावर, डावी बाजू चढाकडे असेल तर, तेच हलकं चाक सुटतं आणि गाडी उताणी. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे कोणी नाही. इंटरनेटवर शोधलं असतं तर मिळालं असतं, डॅडला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं, आणि मग ते त्याचं झालं असतं. म्हणून विचारलं नाही. तिने गाडीला खेळायच्या मातीचे गोळे चिकटवले, इथे, तिथे, शॉक ॲब्सॉर्बरवर, बंपरवर, लाल निळे, गाडी गोवर आल्यासारखी दिसायला लागली. घराच्या मागे तिने फरशीचा तुकडा विटांवर तिरका ठेवला होता, आणि बोटं गारठून ट्रिगरवरून सुटेपर्यंत ती गाडी पाडत होती. पाडत होती, उचलत होती. आणि एका दुपारी, गोळा डाव्या चाकात कोंबल्यावर, गाडी गेली. नुसती गेली, काही विशेष नसल्यासारखी. फिनाने रिमोट बर्फात ठेवला आणि एकटीच नाचली, बूट घालून, कचऱ्याच्या डब्याभोवती, आणि शेजारच्या खिडकीतून कोणी बघत होतं तर बघत होतं!

मग ती कडी. लेथवर, शाळेत, मधल्या सुट्टीत.

आणि कोणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कोणीतरी विचारावं म्हणून. डॅडने विचारावं. गाडी बघून भुवया वर कराव्यात आणि म्हणावं, हे कसं केलंस गं? एकदा तरी. ती वाट बघत होती, जानेवारी, फेब्रुवारी... आणि त्याने विचारलं नाही, तोललं. काटा घेतला आणि तोललं!

"काडीला लागली. दंड," आर्लिंडा म्हणाली.

लागली होती. दुसऱ्या गेटची डावी काडी अजून थरथरत होती. तिने ती पाहिलीच नव्हती.

"डोकं ताळ्यावर आण, पोरी," आर्लिंडा हळूच म्हणाली, फक्त तिला ऐकू येईल असं, आणि वहीत खूण केली.

ताळ्यावर! तिसरं गेट, चौथं. बोट आपोआप जास्त दाबत होतं. रागाचं एक बरं असतं, तो ट्रिगरमधून जाऊ शकतो. आणि एक वाईट असतं, तो जातोच. गाडी एका भेगेत अडकली, मागे घ्यावी लागली, आणखी दंड. डब काहीतरी म्हणाला आणि लोक हसले. काय म्हणाला ते वाऱ्याने नेलं. डॅड हसला की नाही हे तिने बघितलं नाही. बघितलं. हसला नव्हता. तो पिकअपपासून निघून खडकांच्या कडेकडेने चालत होता, गाडीच्या बरोबर, खालच्या बाजूने, हात मागे.

मग कट्टा.

वाळूच्या दगडाचा तांबडा तिरका पट्टा, जेमतेम गाडीच्या रुंदीचा, डावीकडे चढ आणि उजवीकडे सरळ खाली, माणसाच्या छातीएवढं. खाली दगडच. पलीकडच्या टोकाला गेटच्या दोन काड्या, वाऱ्यात वाकलेल्या. गप्पा थांबल्या. डबच्या कुत्र्यालाही काहीतरी कळलं.

डॅड कट्ट्याच्या खालीच उभा होता. गाडी त्याच्या छातीच्या उंचीवर आली. हात लांब केला तर सहज पुरेल इतकी जवळ.

हळू. अगदी हळू. कडी नसली तरी जाईल कदाचित, मोटर पिळायच्या आत, श्वासासारखं दाबलं तर... पुढची चाकं कट्ट्यावर आली. आली. मागची आली. गाडी तिरकी, सगळं वजन उजवीकडे, आणि डावं पुढचं चाक खडकाला टेकलेलं आहे, अजून टेकलेलं आहे. एवढं तिने जन्मात कशाकडे बघितलं नसेल. टायरवरच्या एका गाठीकडे. गाठ दबलेली होती. मग थोडी कमी दबलेली. जाईल. जाईलच. आणि खिशातली कडी मांडीला लागली, आता गरम झालेली, आणि डोक्यात ते शब्द आले — दोन्ही अगदी सारखी — आणि बोटाने दाबलं.

किती दाबलं? केसभर. केसभरसुद्धा नाही. पण गाडीने अंग टाकलं, त्या ओळखीच्या एका खांद्याने, आणि डावं चाक खडकापासून सुटलं आणि हवेत फिरायला लागलं.

गाडी पडत नाही एकदम. ती आधी थांबते. तोल जाण्याच्या टोकावर जरा विचार करते. तेवढ्या वेळात फिनाला दिसला तो हात. डॅडचा उजवा हात, पंजा उघडा, पुढे आलेला, गाडीच्या खाली अगदी जवळ, करंगळीच्या वरच्या जुन्या भाजल्याच्या डागासकट. आला... आणि थांबला. हवेत. मग बोटं मिटली आणि हात मागे गेला.

गाडी त्याच्या समोरून खाली गेली. एकदा दगडावर, पुन्हा एकदा, मग उताणी. चारही चाकं वर, फिरत.

आवाज असा काही मोठा नव्हता. प्लॅस्टिकचा. पण तो ऐकण्याच्या आधी, त्याच्याही आधी, तिच्या आत जे ओरडलं होतं ते तिने ऐकलं होतं, स्पष्ट, तिच्याच आवाजात, आणि ते होतं — पकड ना!

"अरे एलॉय!" डब खुर्चीतून अर्धा उठला. "तू तिथेच होतास की! झेलायचीस ना, दंड तर दंड! असा पुतळ्यासारखा काय उभा?"

डॅडने त्याच्याकडे बघितलं नाही. तो उताण्या गाडीकडे बघत होता, हात जॅकेटच्या खिशात खुपसून, दोन्ही.

"तिची गाडी आहे, डब," तो म्हणाला.

तिची गाडी आहे. सगळा हिवाळा जे वाक्य तिला हवं होतं, ते हेच, याच शब्दांत, याच माणसांसमोर. झोपताना कितीदा ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं तिने! आणि ते आलं तर असं, गाडी उताणी, टप फुटलेला, डब उभा. कुठल्या सुरात म्हणाला तो? तिने ते लगेच मनात पुन्हा वाजवून पाहिलं. रुसून म्हणाला का? की मला टोमणा? की माफी? की नुसतं, जसं आहे तसं, नटावर रेघ ओढावी तसं? एकदा असं वाटलं, एकदा तसं. मला नक्की काय हवं होतं? हात लावू नकोस म्हणाले, नाही लावला. मी म्हणाले तसंच वागला, आणि मला त्याचा इतका राग येतोय की दात दुखतायत. कसला माणूस आहे हा, सांगितलं तर ऐकतो! एकदा न विचारता करायचं, आणि ज्या एका वेळी न विचारता करायला हवं होतं त्या वेळी शहाण्यासारखं हात खिशात!

"संपलं, फिना. उचल आता," आर्लिंडा म्हणाली. "दुसरा खडक जेवणानंतर. वेळ आहे तुला."

तिने खाली उतरून गाडी उचलली. डॅड बाजूला झाला, जरा जास्तच बाजूला, दाराशी कोणी मोठं माणूस आल्यावर होतात तसा. टपाची पुढची काच फुटली होती आणि एक आरसा गेला होता; तो डॅडला दगडात सापडला असावा, कारण त्याने तो पुढे केला, तळहातावर, बोट न लावता, ती उचलेपर्यंत.

पिकअपच्या मागच्या फळीवर बसून तिने चाक काढलं. फळीवर तिचा बरिटो ठेवलेला होता, फॉइल नीट दुमडलेलं, आणि तो तिने कोपराने पलीकडे सारला. मग स्क्रू. एक, आणि एक. प्रत्येक फिरताना पेंट कट्‌कन तुटत होता, नख तुटल्यासारखा. इतका बारीक आवाज, पण प्रत्येक वेळी तिला तो दातात जाणवला. टायर सोलला, स्पंज बाजूला केला, खिशातून कडी काढली. ती अंगाच्या उबेने कोमट झाली होती. ओरखडा आतल्या बाजूला ठेवून बसवली. बसली, अगदी चपखल, कधी गेलीच नव्हती अशी. टायर वर चढवला, कडा दाबून घेतली, आणि एकेक स्क्रू परत, समोरासमोरचे, म्हणजे ताण सारखा येतो. हे मात्र डॅडनेच शिकवलं होतं, सायकलच्या चाकावर, ती सात वर्षांची असताना, आणि हात ते त्याच्याच लयीत करत होते, आणि हातांवरही तिला राग आला.

डब जवळून गेला, कुत्रा मागे. "काय गं लंगडे, बरिटो कोणी द्यायचा?"

"जेवणानंतर विचार."

"दुसऱ्या खडकावर कट्टा नाही."

"मग मी त्या खडकानंतर परत या कट्ट्यावरून नेईन. नंबरात धरू नका. तू नुसतं बघ."

डबने टोपी उचलली आणि हसला, आणि या वेळी तिच्या डोक्यावरून नाही, तिच्याकडे बघून. हे तिच्या लक्षात आलं, आणि तरी ते हवं तसं गोड लागलं नाही.

तिने चाक फिरवून बघितलं. आणि मग रेघा दिसल्या.

स्क्रूवरची अर्धी रेघ एकीकडे, चाकावरची अर्धी दुसरीकडे. एकाचीही जुळत नव्हती. काही आडव्या गेल्या होत्या, काही पार उलट्या, वेगवेगळ्या घड्याळांत वेगवेगळ्या वेळा दिसाव्यात तशा. डॅडच्या भाषेत याचा अर्थ एकच होता, तो तिला बोलायला यायच्या आधीपासून कळत होता: सगळं सुटलंय. कोणीतरी लक्ष द्या.

मूर्खासारखं. सुटलं कुठे आहे? तिने ॲलन की घेऊन पहिला स्क्रू तपासला. घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा, चौथा, सगळे घट्ट, स्वतःच्या हाताने आवळलेत, आत्ता. तिने चाक गाडीवर चढवलं, नट लावला, आणि नजर आपोआप नटावर गेली, रेघ शोधत.

डॅड दूर आर्लिंडाच्या टेबलापाशी उभा होता, कोणाशी तरी बोलत, तिच्याकडे पाठ करून, आणि ती पाठ इतकी काळजीपूर्वक वळवलेली होती की तो मुद्दाम बघत नाहीये हे दिसत होतं. शर्टाच्या खिशात ते पिवळं पेन होतं का? असणारच. त्या पेनाशिवाय तो चर्चलाही जात नाही. मागितलं तर देईल. हिता म्हणेल आणि देईल, टोपण काढून. किंवा म्हणेल, मी ओढू? आणि मग... किंवा काहीच म्हणणार नाही, नुसतं देईल, आता तिने सांगितलंय म्हणून. यातलं काय झालं तर जास्त राग येईल, ते तिला ठरवता येईना.

घंटा वाजली. जेवणं संपली होती. बरिटो फॉइलमध्ये तसाच.

तिने गाडी मांडीवर घेतली, अंगठा डाव्या चाकावर ठेवला आणि हलवून पाहिलं. हललं नाही. घट्ट आहे, ती स्वतःशी म्हणाली, मोठ्याने म्हणाली, ज्याला ऐकू जायचं त्याला जाऊ दे म्हणून, आणि तरी अंगठा पुन्हा तिथेच गेला, पेंटचा तो छोटासा उंचवटा चाचपत, जिथे तो तुटला होता तिथे.